नाव कमी केल्याचे कारण

आमच्या सावेडीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर महिन्याला कुणीतरी आपल्या प्रवासाचं वर्णन लिहून आणतं आणि वाचून दाखवतं. कुणी चारधाम करून आलेलं असतं, कुणी मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून. माझा प्रवास तीन दिवसांचा, तोही जिल्ह्याच्या हद्दीतला, एसटीने. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटीत तिकीट लागत नाही, त्यामुळे प्रवास म्हणावा की नाही असाच प्रश्न होता. तरी लिहितो आहे, कारण एवढा लांबचा पल्ला मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

निघण्याचं कारण आधीच सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी तिसगावजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिक्षक आणि मुख्याध्यापकही होतो. तिथे मी एका मुलीचं नाव काढून तिच्या धाकट्या बहिणीला दिलं. ते आता दुरुस्त कसं करायचं, हे त्या दोघींना विचारायला मी निघालो होतो.

त्या शाळेवर दुसरी शिक्षिका माझी पत्नी होती. वस्तीवर तिला सगळे बाई म्हणत आणि मीही तेच म्हणू लागलो. गुडघ्यांमुळे तिला आता जिना उतरवत नाही. तिने दशम्या बांधून दिल्या आणि दारात म्हणाली, "दोघांनी केलं होतं. एकट्याने केलं असं सांगून मोठे होऊ नका."

तिसगाव

बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, तोंडात मात्र नगरच येतं. पाथर्डीच्या बसमध्ये कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिने एका कॉलेजच्या मुलाला उठवून मला खिडकीजवळ बसवलं आणि माझी पिशवी स्वतः वर ठेवली. दिवाळी होऊन सहा-सात दिवस झाले होते.

करंजीच्या घाटात बस बाजूला थांबली. समोरून एक ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या. पत्र्याच्या पेट्या, बाज, पाण्याचा ड्रम, एक शेळी, खुराड्यात कोंबड्या आणि सगळ्याच्या वर बायका-मुलं बसलेली. त्यामागे आणखी एक ट्रॅक्टर, आणखी एक. माझ्या शेजारी पाथर्डीकडचे एक पागोटेवाले बाबा होते. ते खिडकीतून वाकून बघत म्हणाले, "चालले."

"कुठले आहेत?"

"कुठलेबी असूद्यात. दिवाळी झाली की आमच्याकडची ऊसाला जात्यात, गुढीपाडव्याला माघारी येत्यात. पानी तिकडं, हात हिकडं."

"तुम्ही नाही गेलात?"

"वीस वर्सं गेल्तो. आता घराला कुलूप लावायला कोनतरी पाहिजे का न्हाई?"

ते हसले. माझ्या लहानपणी वडिलांची बदली झाली की आई आठ-आठ दिवस रडायची, शेजारणी निरोपाला ओटी भरायच्या. एका बिऱ्हाडाच्या हलण्याला आमच्याकडे एवढा सोहळा. इथे निम्मा तालुका दरवर्षी हलतो आणि ट्रॉलीवरची एक बाई घाट उतरता उतरता निवांत तांदूळ निवडत होती.

तिसगावच्या बाजारात उतरून वस्तीवर जायला टमटम मिळाली. वस्तीवर दर दोन-तीन घरांमागे एका दाराला कुलूप होतं. ओट्यांवर म्हातारी माणसं आणि कुत्री. शाळेची इमारत नवी, रंगीत भिंतींची, पण बाहेरचं कडुनिंबाचं झाड तेच.

मुख्याध्यापिका बाई पस्तिशीच्या असतील. नाव सांगताच त्या वाकून पाया पडल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचं अक्षर मी रोज बघते. कुणी दाखला मागायला आलं की तुमचंच रजिस्टर काढावं लागतं."

लाल कापडात बांधलेलं जनरल रजिस्टर त्यांनी कपाटातून काढलं. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात एकदाच होते: नाव, जन्मतारीख, शाळा कधी सोडली, का सोडली. मी पान काढलं. निळ्या-काळ्या शाईतलं माझं अक्षर. कांता रामभाऊ, जन्म एक जून. आमच्याकडच्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जूनच असे, कारण तो आम्हीच ठरवत असू. त्याखाली दोन वर्षांनी लता रामभाऊ, पुन्हा एक जून. लताच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात मी लिहिलं होतं: पालक ऊसतोडीस गेल्याने नाव कमी केले.

लता कुठेही गेली नव्हती. ती त्या दिवशी माझ्यासमोर बसली होती.

घडलं ते असं. त्या वर्षी दसऱ्यानंतर शाळा रिकामी झाली. तिसरीत चारच मुलं उरली. शाळेचा पट घटला तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती, म्हणजे बाईची. तिची बदली अकोले तालुक्याच्या डोंगरात होईल असं कानावर आलं होतं आणि आमची मुलं तेव्हा दोन आणि चार वर्षांची. पौषात तपासणी लागली. तिसरीतली कांता नऊ वर्षांची, हुशार. ती आई-बापाबरोबर गेली होती, ऊसतोडीच्या झोपडीत, म्हणजे कोपीवर, भाकरी करायला आणि बैलांपुढे चारा टाकायला. धाकटी लता पहिलीत, आजीपाशी राहिलेली. मी तपासणीच्या दिवशी लताला तिसरीच्या रांगेत बसवलं आणि सांगितलं, नाव विचारलं तर कांता सांग. अशी आणखीही मुलं मी बसवली होती, पण साहेबांनी नेमकं तिलाच उभं केलं. तिने तिसरीचा धडा न अडखळता वाचला. साहेब इतके खूश झाले की शेरेबुकात तिचं नाव लिहून गेले आणि पुढच्या भेटीत पुन्हा भेटीन म्हणाले. मग कांताला परत कांता करणं अवघड झालं. लताचं नाव मी कमी केलं. बाकीची मुलं वर्ष संपायच्या आत आपापल्या नावावर परतली. ही एकटी कांता होऊन चौथी पास झाली, पुढे दहावीही झाली.

वैशाखात खरी कांता परत आली. एका सकाळी पाटी घेऊन दारात उभी राहिली. मी तिला म्हणालो, "तू आता मोठी झालीस, घरी आईला मदत कर." ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. एवढंच. तिने काही विचारलं असतं तर मला काही तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

हे मी बाईखेरीज पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. मुख्याध्यापिका बाईंनी खिडकीतल्या फळीवरून पिवळ्या कार्डांचा गठ्ठा काढून दाखवला. गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या असं कार्ड देतात. ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसू देतात. "सगळी बसतात असं नाही," त्या म्हणाल्या, "पण कार्डावर नाव त्यांचंच असतं. आणि सर, आता पट फुगवताही येत नाही, मुलांसकट मोबाईलवर फोटो पाठवावा लागतो." हे शेवटचं त्या माझं मन हलकं करायला म्हणाल्या, हे मला कळलं.

पोषण आहाराची मटकीची उसळ आणि भात त्यांनी आग्रहाने वाढला. दोन्ही नोंदींची झेरॉक्स काढून दिली. "कांताताई नागापूरला अंगणवाडीत आहेत," असंही त्यांनीच सांगितलं. ही कांताताई म्हणजे लता.

नागापूर माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर आहे. लता तिथे असते, हे मला बारा वर्षांपासून माहीत होतं. तरी मी आधी तिसगावला गेलो, ते रजिस्टर बघायला कमी आणि नागापूर एक दिवस पुढे ढकलायला जास्त. हेही लिहायला हवं.

नागापूर

एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. सकाळी नऊला पहिली पाळी केव्हाच गेलेली असते, दुसरी झोपलेली असते. गल्लीत भोजपुरी, हिंदी, नांदेडकडची मराठी, सगळं एकाच नळावर भांडत होतं. अंगणवाडी विचारली तर एका पोराने बोट धरून नेलं.

आत वीस-बावीस मुलं. केसांत पांढरी बट आलेली, ठेंगणी, चष्मा लावलेली बाई त्यांना सांगत होती, "चलो, हात धुवो, मग बसो. ए गुड्डू, ते ताट डोक्यावर घालायचं नसतं रे बाबा." मी दारात उभा राहिलो. तिने बघितलं, चष्मा वर केला.

"गुरुजी? जोशी गुरुजी?"

तिने मला खुर्ची दिली आणि मुलांना सांगितलं की हे माझे गुरुजी. मुलांनी एका सुरात नमस्ते केलं. यातलं एकही मूल या गावचं नव्हतं. कुणी छपऱ्याचं, कुणी गोंड्याचं, दोघी बहिणी परभणीच्या. तिसगावहून माणसं बाहेर जातात आणि तिथून पन्नास किलोमीटरवर बाहेरची माणसं येतात. मी हे असं शेजारी शेजारी कधी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या खोलीतली एक बिहारी बाई स्टीलची ताटली घेऊन आली. "छठ का परसाद है बाबा, इसको ना नहीं बोलते." गव्हाच्या पिठाची, गुळाची, तळलेली जाड बिस्किटं होती, ठेकुआ म्हणतात. आमच्या शंकरपाळ्यांची थोरली बहीण. दात वाचवत मी दोन खाल्ली. घर सोडून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर राहणारी बाई प्रसाद करते आणि अनोळखी म्हाताऱ्यालाही देते. आपण सावेडीत शेजाऱ्याला दिवाळीचा फराळ आता डब्याने नव्हे, फोटोने पाठवतो.

मुलं गेली. मग मी तिला सगळं सांगितलं. मी लेखी कबुली देणार आहे, शिक्षण खात्यात, खरी कांता कोण ते लिहून. ती ऐकत ताटल्या धूत होती. शेवटची ताटली पालथी घालून ती म्हणाली,

"म्हंजी तुमचं मन हलकं हुईल आन माझी नोकरी जाईल."

मी याचा विचारच केला नव्हता, असं म्हटलं तर खोटं होईल. केला होता, पण माझ्या बाजूने.

"गुरुजी, अठ्ठावीस वर्सं झाली. आधारवर कांता, बँकेत कांता, ह्यांच्या रेशनकार्डावर कांता. लग्नात ह्यांनी नाव बदलायचं म्हनले तर मी बदलू दिलं न्हाई. लोकांना वाटलं लई शिकलेली हाय म्हनून. खरं तर भ्याले हुते."

"आणि कांता? म्हणजे तुझी आक्का?"

"आक्काचं नाव सासरी बदललं. तिथं कांता नावाची जाऊ आधीच हुती, म्हनून हिचं मंदा ठेवलं. आमी दोघी सुटलो असंच वाटलं तवा."

मग ती ओल्या हातांनी तिथेच जमिनीवर बसली आणि मला माहीत नसलेलं तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. भाऊ नाही. डोंगराच्या पायथ्याला चार एकर आहे, बोअरला थोडं पाणी लागलंय. वारस नोंदीला दोन मुली लावायच्या, कांता आणि लता. धाकटीची नोंद कांता म्हणून झाली. थोरलीची अडली. कागदावर ती मंदा. मंदा ही रामभाऊंची मुलगी असल्याचा शाळेचा पुरावा आणा, असं तलाठ्याने सांगितलं. तो पुरावा म्हणजे कांताचा दाखला, आणि तो धाकटीच्या नोकरीत लागलेला.

"आक्काचा नवरा पाठीनं गेलाय. सासरी जमीन न्हाई. बापाच्या दोन एकरावर घरकुल बांधून ऱ्हायचं, कोयता सोडायचा, एवढंच तिचं म्हननं. पन्नाशी झाली तिची. मी दोन वर्सं तिच्यापुढं गेलेच न्हाई. दिवाळीलाबी न्हाई."

पदराला हात पुसत ती म्हणाली, "एक हुईल. लताचं नाव रजिस्टरमधी हाय ना? त्याचा दाखला आक्काला द्यायचा. लता म्हंजेच मंदा, असं तुमी लिहून द्यायचं. तिची नोंद हुईल, माझं तसंच ऱ्हाईल."

झेरॉक्स माझ्या खिशात होती. लताची नोंद पूर्ण होती, फक्त माणूस नव्हतं. मी म्हणालो, "होईल." खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. एक खोटं पुसायला निघालो होतो आणि दुसरं लिहून ते जुळत होतं, तर मी त्यालाच दुरुस्ती समजलो. घरी येऊन बाईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "कांताला विचारा आधी."

प्रवरेच्या पट्ट्यात

तिसऱ्या दिवशी सकाळी लता नागापूरच्या फाट्यावर उभी होती, अंगणवाडीची निळी साडी नको म्हणून साधी नेसून. राहुरी मागे पडली तशी जमीन बदलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती, पाटाचं पाणी, बंगले, दारात चारचाकी. याच जिल्ह्यात दोन-अडीच तासांच्या अंतरावर पाण्याचे टँकर दिसतात हे खरं वाटत नाही. लता खिडकीतून बघत म्हणाली, "लहानपनी आक्का सांगायची, तिकडं बारमाही हिरवं असतंय. मला वाटायचं ती मजेत हाय."

श्रीरामपूरकडे जाणाऱ्या जीपने एका फाट्यावर उतरवलं. पडीक रानात तीसेक कोप्या होत्या, बांबूच्या कांबी आणि वर ताडपत्री. तिथे फक्त एक म्हातारी आणि पाठीला पट्टा बांधलेला, काठी टेकत चालणारा माणूस होता. तो एकनाथ, थोरलीचा नवरा. त्याने लताला पाहिलं आणि लगेच आतून पाण्याचा तांब्या आणला. "ती फडात हाय," म्हणाला. "आता अर्धा कोयता झालोय आमी."

इथे नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते, आणि मुकादमाकडे नाव लागतं ते नवऱ्याचं. तो कामाला नाही म्हणून ती अर्धी.

फडाकडे, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाकडे, जाताना बांध ओला होता. माझा पाय सरीत गेला आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात बसलो. चप्पल आत राहिली. लता एका हाताला धरून ओढत होती तेवढ्यात उसातून एक उंच, काळीसावळी बाई आली. डोक्याला फडकं, अंगावर नवऱ्याचा फुलशर्ट, हातात कोयता. तिने कोयता बगलेत घेतला, मला काखेत हात घालून एका दमात उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"गुरुजी, हितंबी हजेरी घ्यायला आला व्हय?"

मागे मोळ्या बांधणाऱ्या बायका हसल्या. एक म्हणाली, "घ्या की, आमची एकदा मांडाच. नुसते नवरेच मांडत्यात." मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी हसलो. थोरलीने लताकडे बघितलं. लता खाली बघत होती. "वाळलीस," थोरली म्हणाली. "चला, भाकरीची येळ झालीच हाय."

कोपीपुढच्या सावलीत आम्ही बसलो. एकनाथने माझे पाय धुवायला पाणी दिलं आणि स्वतःच्या रबरी चपला माझ्यापुढे ठेवल्या. मी नको म्हणालो तर म्हणाला, "मला कुटं जायाचंय?" बाजरीची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं कोरड्यास. मी दशम्या काढल्या, त्या थोरलीने समान पाच ठिकाणी वाटल्या, म्हातारीसकट. आमच्या घरात अजूनही पुरुषांची पंगत आधी बसते. इथे सगळे एकाच पातेल्याभोवती होते आणि सगळ्यांत आधी जेवलो तो मी, पाहुणा म्हणून, मळलेल्या धोतरात.

जेवण झाल्यावर मी बोललो. काय केलं, का केलं, बाईची बदली, सगळं. मग लताची युक्ती सांगितली. लताचा दाखला तुला, म्हणजे तुझी वारस नोंद होईल.

थोरलीने दातात अडकलेली ठेच्याची मिरची काढली. "म्हंजी मी लता."

"कागदावर," लता म्हणाली.

"कांता हुते ती गेली. मंदा झाले. आता पन्नाशीत लता. मग लता कुटं जाईल?"

तिने मिरची दूर टाकली.

"गुरुजी, एक सांगते. लोकं म्हनत्यात मी भनीला नाव दिलं. म्या दिलं न्हाई. काढून घेतलं. पर घेतलेलं कामाला आलं, दोघींतली एक शिकली, म्हनून मी गप बसले. तिच्या लग्नात नाचलेबी. पाटी घेऊन आल्ते तवा तुमी मला दारातनं माघारी लावलं, ती पाटी मी हिलाच दिली. मला तिचं काही न्हाई. पर बापाच्या सातबाऱ्यावर मी दुसऱ्याच्या नावानं जानार न्हाई. त्यानं मला कांता म्हनून हाक मारलीय मरंपर्यंत. नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या. हाय माझा कोयता."

"आक्का, तुझं शरीर..." लता म्हणाली.

"माझं शरीर मला ठावं हाय. तू तुझी नोकरी बघ. मी तुला काय मागितलं का आजवर?"

तिने ते रागाने म्हटलं नाही आणि म्हणूनच ऐकायला कठीण गेलं. लता उठून कोपीच्या मागे गेली. मी एकनाथकडे बघितलं, तो काठीने मातीवर रेघा ओढत होता. फडातून ट्रॉली भरल्याचा आवाज येत होता.

लता परत आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं. माझ्यासमोर बसून म्हणाली, "लिहा गुरुजी. खरं हाय तेच लिहा."

"नोकरीचं?"

"सात वर्साची हुते मी. तुमी सांगितलं कांता म्हन, मी म्हनले. एवढं लिहा. पुढं काय हुईल ते मी निस्तरीन."

मी पिशवीतून कोरे कागद काढले. एकनाथने पालथं घमेलं मांडीवर ठेवायला दिलं. मी लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. लिहिलं होतं की, तत्कालीन मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडून अनवधानाने धाकट्या मुलीची नोंद थोरलीच्या नावावर झाली.

"ते काय म्हनले?" थोरलीने विचारलं. "अनव..."

लता म्हणाली, "चुकून."

"चुकून न्हाई झालं."

मी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. माझी वही कुणी अशी तपासली नव्हती. मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, जाणूनबुजून, शाळेचा पट व माझ्या पत्नीची जागा राखण्यासाठी. लताचं वय त्या वेळी सात होतं आणि तिचा यात काही दोष नाही. कांताला मी दारातून परत पाठवलं, हेही लिहिलं. पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी थोरली म्हणाली, "आता बरोबर."

पुढचं इथेच सांगून टाकतो. तो कागद आता तहसीलला आणि पंचायत समितीला गेला आहे. मुख्याध्यापिका बाई दोन्हीकडे माझ्याबरोबर आल्या. लताला खात्याचं पत्र आलं, खुलासा मागणारं. तो तिने दिला. तिच्या पर्यवेक्षिका तिच्या बाजूने बोलल्या असं कळतं, निर्णय अजून झालेला नाही. वारस नोंदीची सुनावणी व्हायची आहे. सुनावणीला मीच साक्षीदार आहे आणि तोवर जगायला मला डॉक्टरांपेक्षा हे कारण जास्त उपयोगी पडेल. मला शिक्षा होईल का, हे मी विचारलं. तिथल्या तरुण कारकुनाने माझं वय बघितलं आणि चहा मागवला. याचंही मला वाईट वाटलं, पण चहा मी घेतला. बाईने घरूनच आपला वेगळा जबाब सही करून दिला आहे.

खरं म्हणजे मी त्यांच्याकडे काही द्यायला गेलो होतो आणि घेऊन आलो. त्या दोघींनी मला खरं लिहू दिलं. मला तेवढ्यासाठीही हाकलून देता आलं असतं त्यांना.

त्या दिवशीच्या सह्यांचं सांगायचं राहिलं. थोरलीने पेन घेतलं आणि घमेल्यावर वाकून लिहिलं, कांता रामभाऊ. तिसरीतल्या मुलाचं असावं तसं सुटं, गोल, रेघेवर नीट बसलेलं अक्षर. इतकी वर्षं तिला कुठे सही मागितली की ती अंगठा देते, असं एकनाथने मला नंतर सांगितलं. मंदा लिहायचं नाही म्हणून.

मग लताने पेन घेतलं. तिची सही रोज चार ठिकाणी होते, रजिस्टरवर, अहवालावर. हात सवयीने चालला आणि क निघाला. तिने तो खोडला. पेन तसंच धरून कागदाकडे बघत राहिली. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेली बाई, ल कुठून सुरू करावा हे आठवत असल्यासारखी. शेवटी हळूहळू दोन अक्षरं लिहिली. ती वाकडी आली.

फडातून मुकादमाने हाक दिली. थोरली उठली, फडकं डोक्याला बांधलं आणि कोयता उचलला. चार पावलं गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "लते, ती कळशी घेऊन ये गं फडात. बायांना पानी न्हाई."

लता उठली आणि कळशी कमरेवर घेऊन निघाली.